लाकडी प्लिंथ, एसटी आणि तुमची कंबर: फिजिओथेरपीला नव्याने आलेल्यांसाठी

इंटर्नशिपचा तिसरा महिना होता. पक्षाघाताच्या एका काकांना खाटेवरून व्हीलचेअरवर घेत होते. ऐनवेळी ते घाबरले, माझ्या मानेला मिठी मारली, आणि माझ्या कंबरेत अशी चमक निघाली की त्यांच्यासकट मी खाटेवरच बसले. काकूंनी आधी नवऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "मॅडम, तुम्हालाच उसण भरली की ओ!"

पुढचे तीन आठवडे मी कुणाला काही बोलले नाही. दिवसभर लोकांना कंबरेचे व्यायाम शिकवायचे आणि रात्री होस्टेलच्या खाटेवर कूस बदलताना दात-ओठ खायचे. फिजिओ असून कंबर दुखते म्हटलं तर लोक काय म्हणतील, एवढीच भीती. नंतर वाचनात आलं की २००० साली ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्टांची एक पाहणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात ९१ टक्के जणांनी कामामुळं कधी ना कधी अंग दुखल्याचं सांगितलं होतं, आणि सहातल्या एकानं त्यापायी कामाचा प्रकार बदलला होता किंवा पेशाच सोडला होता. म्हणजे मी काही जगावेगळी नव्हते, फक्त गप्प बसले होते.

आता परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझी छोटी ओपीडी आहे. दरवर्षी ओळखीतली दोन-चार पोरं-पोरी ॲडमिशन घेतात आणि "ताई, पुस्तकं कोणती घेऊ?" असं विचारतात. पुस्तकांचं सीनियर सांगतीलच. हा लेख बाकीच्या गोष्टींसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. "ताठ बसा" हा सल्ला तुम्हाला येता-जाता मिळेल. मीही तो पहिली दोन वर्षं पाळला, आणि ताठ बसूनच मान आखडून घेतली. बसण्याची एकच एक बरोबर पद्धत नसते. वाकडं बसल्यानं जेवढं बिघडत नाही तेवढं एकाच ठेवणीत तासन्‌तास राहिल्यानं आणि अंगाला सवय नसलेला भार एकदम टाकल्यानं बिघडतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

सामान काय लागेल

फार काही नाही. एक साधी वही. शिंप्याकडं असतो तसला मापाचा टेप. सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर तर कॉलेज तुम्हाला घ्यायला लावणारच आहे. दोन जुने टॉवेल, व्यायामाचा एक रबरी पट्टा, मागून बंद आणि तळ न घसरणारे बूट, फोटो काढायला मोबाइल आणि फोटो काढताना न हसणारी रूम पार्टनर. ही शेवटची मिळणं अवघड.

कागदांमध्ये कॉलेजचं ओळखपत्र, जुने एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट, आधी काही उपचार झाले असतील तर त्यांचे केस पेपर. हे सगळं एका फाइलमध्ये होस्टेलवरच ठेवा, गावी कपाटात नको. दुखणं नेमकं परीक्षेच्या तोंडावर येतं आणि तेव्हा फाइल गावाकडं असते.

१. पहिल्याच महिन्यात स्वतःची केस लिहून ठेवा

दुसऱ्याची केस घ्यायला तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी शिकवतील. स्वतःची आत्ताच घ्या. वहीच्या पहिल्या पानावर नऊ जागा लिहा: मान, खांदे, कोपरं, मनगट-हात, पाठीचा वरचा भाग, कंबर, खुबे-मांड्या, गुडघे, घोटे-पावलं. प्रत्येकीपुढं तीन प्रश्न. गेल्या १२ महिन्यांत इथं दुखलं का? त्यामुळं रोजचं काम अडलं का? गेल्या ७ दिवसांत दुखलं का? ही माझी कल्पना नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेली नॉर्डिक प्रश्नावली याच नऊ जागा विचारते आणि अशा पाहण्यांमध्ये आजही ती सर्रास वापरतात. पुढं एखाद्या प्रोजेक्टला तुम्हीच ती दुसऱ्याकडून भरून घ्याल.

मग एका बाजूनं, नेहमीसारखं उभं राहून फोटो काढून घ्या. कानाच्या भोकापुढं कूर्चेचा उंचवटा असतो तो एक बिंदू आणि मान खाली घातल्यावर मुळाशी जे हाड वर येतं तो दुसरा. दोन्ही जोडणारी रेघ आडव्या रेघेशी जो कोन करते तो जितका लहान, तितकं डोकं पुढं आलेलं. साधारण पन्नास अंशांच्या आसपास सीमा धरतात. माझा कोन ४४ आला होता आणि मी दोन दिवस जेवले नव्हते. तसलं काही करू नका. कोन कमी आहे म्हणजे दुखणारच असं नाही. फोटो सहा महिन्यांनी तुलना करायला ठेवायचा, रोज बघायला नाही.

तिसरी नोंद सहसा कुणी करत नाही, पण माझ्या मते तीच सगळ्यांत कामाची. तुमचे सांधे किती सैल आहेत ते पाहा. करंगळी मागं ९० अंशांच्या पुढं जाते का, अंगठा वाकवून त्याच हाताच्या मनगट ते कोपर या भागाला आतून टेकतो का, कोपर आणि गुडघा सरळ रेषेच्या मागं १० अंशांहून जास्त जातात का, आणि गुडघे न वाकवता तळवे जमिनीला टेकतात का. दोन्ही बाजू धरून हे नऊ गुण होतात. शाळेत "बघ माझा अंगठा कसा वळतो" म्हणून मैत्रिणींना दाखवणारी पोरगी तुम्ही असाल, तर चौथी पायरी दोनदा वाचा.

आणि हो, पहिल्याच महिन्यात मान किंवा कंबर दुखत असेल तर ते कॉलेजनं दिलेलं नाही, तुम्ही बरोबर आणलेलं आहे. मी २०१६ साली नीटच्या ट्यूशनसाठी लातूरला होते. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेच वर्ष. दिवसातले दहा-बारा तास बाकावर, उरलेला वेळ खोलीतल्या फरशीवर पुस्तकात डोकं घालून, आणि संध्याकाळी टँकर आला की एकाच हातात भरलेली घागर धरून दोन मजले चढायचे. दोन वर्षं हे केलेल्या पोरांचं अंग फिजिओथेरपीला येतं तेव्हाच थकलेलं असतं. वहीत तसं प्रामाणिकपणे लिहा.

२. खोलीची मांडणी करा

होस्टेलच्या खोलीत टेबल असतं, पण त्यावर आरसा, तेलाची बाटली आणि चिवड्याचा डबा असतो. अभ्यास खाटेवर होतो. लोखंडी खाट, मधोमध खोलगट झालेली गादी, त्यावर पालथं पडून ॲनाटॉमी. मान मागं, कोपरं टेकलेली, कंबर खोलात. वीस मिनिटं ठीक आहे. तीन तास नाही.

टेबल मोकळं करा. खुर्ची उंच पडून पाय लोंबत असतील तर पायाखाली पाट घ्या. पुस्तक सपाट ठेवू नका. पत्र्याची पेटी उभी करा किंवा दोन जाड पुस्तकांवर पाटी तिरकी टेकवा, म्हणजे मान पूर्ण खाली घालावी लागत नाही. मोबाइलवर पीडीएफ वाचणार असाल तर तो बादलीवर नाहीतर पुस्तकांच्या थप्पीवर डोळ्यांच्या जवळपास आणा. दिसायला गबाळं दिसतं, चालतं.

जमिनीवर बसायची सवय मोडू नका. मांडी, एक पाय लांब, उकिडवं, भिंतीला टेकून, असे आपल्या घरी बसण्याचे पाच-सहा प्रकार आहेत आणि त्यांचा उपयोग एवढाच की माणूस ते बदलत राहतो. खुर्चीत बसलेला माणूस खुर्चीसारखाच होऊन जातो. अर्ध्या तासानं उठायचं. गजर लावला तर तो बंद करून आपण तसेच बसतो, हे मी करून पाहिलंय. त्यापेक्षा पाण्याची बाटली लहान ठेवा आणि ती व्हरांड्यात भरा.

जर्नल हा वेगळाच विषय आहे. वर्षभर लिहायचं नाही आणि सबमिशनच्या आधी तीन रात्रींत साठ-सत्तर पानं उतरवायची, आकृत्यांसकट, ही आपली परंपरा. मनगट आणि अंगठा तिथंच पहिल्यांदा बोलायला लागतात. पेन बारीक असेल तर त्यावर रबर किंवा कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा, पकड सैल राहते. आणि आठवड्याला पाच पानं लिहा. हे कुणी ऐकत नाही, मीही ऐकलं नव्हतं.

अप-डाऊन करणाऱ्यांसाठी दोन ओळी. एसटीत शक्य तर मधल्या रांगेत बसा. मागच्या चाकांवरच्या आणि शेवटच्या सीटवर प्रत्येक खड्डा कंबरेत मोजता येतो. बॅग दोन्ही खांद्यांवर, बसल्यावर मांडीवर, आणि मोबाइल त्या बॅगेवर उभा. झोप येणार हे माहीत असतं, तर टॉवेलची गुंडाळी मानेशी घ्या, खिडकीच्या गजाला डोकं टेकू नका. पहिल्या वर्षी सीनियरकडून घेतलेला हाडांचा सेट बॅगेत असेल तर तो गुंडाळून ठेवा. माझ्या बॅगेतून मांडीचं हाड बाहेर डोकावलं होतं आणि कंडक्टर मामांनी तिकीट न देताच दोन पावलं मागं घेतली होती.

३. प्लिंथची उंची तुमच्या अंगाला लावून घ्या

बहुतेक कॉलेजांच्या प्रॅक्टिकल हॉलमध्ये लाकडी प्लिंथ, म्हणजे पेशंटला झोपवून उपचार करायचे उंच बाक, असतात आणि त्यांची उंची ठरलेली असते. चार फूट अकरा इंचांची मी आणि सहा फुटांचा आमच्या बॅचचा पोरगा, दोघांना एकच प्लिंथ. मी खांदे कानापर्यंत उचलून मसाज करायचे, तो धनुष्यासारखा वाकून. आमच्या सरांनी दोघांनाही "पोश्चर!" म्हणून ओरडायचं आणि प्लिंथ तसाच.

उंची अशी तपासा. प्लिंथशेजारी उभं राहून हात सैल सोडा आणि मूठ वळा. बोटांची पेरं जिथं टेकतात तेवढी उंची जोर द्यायच्या कामाला बरी पडते, कारण हात सरळ राहतात आणि जोर अंगाच्या वजनातून येतो. पेशंट अंगानं भरलेला असेल तर आणखी थोडं खाली हवं. बोटांनी चाचपणं, मोजमाप घेणं, पट्टी बांधणं असल्या बारीक कामाला कोपराच्या जवळपासची उंची सोयीची.

प्लिंथ उंच पडत असेल तर तुम्ही उंच व्हा. पायाखाली लाकडी चौरंग घ्या. त्याचं माप शेवटी देते. प्लिंथ बुटका पडत असेल तर पाय पुढं-मागं फाकवून उभं राहा, एक गुडघा प्लिंथवर टेकवा किंवा सरळ स्टुलावर बसून काम करा. बसून काम केलं की सर रागावतील असं वाटतं. एकदा कारण सांगून बघा, बहुतेक रागवत नाहीत.

पुढं या चुका टाळा.

प्लिंथच्या पलीकडच्या बाजूचा खांदा किंवा पाय धरायला वाकू नका. पेशंटला आपल्या कडेला सरकवा, नाहीतर स्वतः फिरून पलीकडं जा. चार पावलांचा आळस कंबरेला महाग पडतो.

जोर खांद्यातून काढू नका. मागच्या पायावरून पुढच्या पायावर वजन टाका, हात फक्त ते वजन पोचवतात. दळताना जातं कसं ओढायचे ते घरातल्या आजीला विचारा. सगळं अंग झुलायचं, नुसतं मनगट नाही.

एकमेकांवर सराव करताना वर्गातली एकच गरीब पोरगी दरवेळी पेशंट होते, असं होऊ देऊ नका. एका दुपारी सहा जणांनी तिच्या त्याच खांद्यावर मोबिलायझेशन केलं, म्हणजे हातानं सांधा हलवून मोकळा करायचा सराव केला, तर खांदा दुखणारच. पाळी लावा. आधी विचारा. दुखलं की थांबायचं.

आणि सगळ्यांत धोक्याची गोष्ट: रील पाहून मित्राची मान "कट्‌" करून मोडायची नाही. मोडून घ्यायचीही नाही. मानेतून मेंदूकडं जाणाऱ्या रक्तवाहिन्या मणक्यांच्या बाजूनंच वर चढतात. शिकलेला माणूस सगळी तपासणी करूनही जिथं दहादा विचार करतो, तिथं होस्टेलच्या गच्चीवर गंमत नको.

४. अंगठा जपा, तो शेवटपर्यंत पुरवायचा आहे

कंबरेचं सगळे बोलतात. अंगठ्याचं कुणी सांगत नाही आणि आपल्या कामात झिजतो मात्र अंगठाही.

अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, खोगिराच्या आकाराचा सांधा असतो. तो सगळीकडं वळतो, म्हणूनच अस्थिर असतो. चिमटीत एक किलोचा जोर धरला तर या सांध्यावर त्याच्या सुमारे बारा पट दाब येतो, असा अभ्यासकांनी मांडलेला हिशोब आहे. आता पाठीच्या कडक स्नायूवर अंगठा रोवून तुम्ही दिवसाला आठ पेशंट करता, रात्री त्याच अंगठ्यानं मोबाइलवर टाइप करता आणि उरलेला वेळ जर्नल लिहिता. हिशोब तुम्हीच करा.

माझा अंगठा तिसऱ्या वर्षी दुखायला लागला. झाकण उघडताना, कुलपात किल्ली फिरवताना, वेणी घालताना. मी तो जास्त दाबून, चोळून बघायचे. शिवाय मूठ वळून मनगट खाली झुकवायची ती तपासणी असते ना, अंगठ्याच्या बाजूच्या शिरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या, सुजल्यात का ते पाहण्याची, ती मी रोज सकाळी करायचे. सुजलेली शीर रोज ताणली तर ती कशी बरी होणार? तपासणी एकदा करायची, उत्तर मिळालं की सोडायची.

कामात बदल असे करा. जिथं अंगठा लावता तिथं आधी विचारा, हे दुसऱ्या कशानं होईल का? मोठ्या स्नायूला बोटांची पेरं, बंद मूठ, हाताची बाहेरची कडा किंवा कोपर चालतं. मणक्यावर दाब देताना तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला वाटाण्याएवढं हाड असतं, ते टेकवा आणि दुसरा हात त्यावर ठेवा. अंगठाच लागणार असेल तर तो सरळ ठेवा, पेरात मागं वाकू देऊ नका, आणि दुसऱ्या अंगठ्याचा किंवा बोटांचा आधार द्या. ज्यांचे सांधे सैल आहेत त्यांचा अंगठा दाब पडला की मागं मुडपतोच. त्यांनी सरळ ठरवून टाकावं की अंगठ्यानं जोर द्यायचा नाही. परीक्षकांनी विचारलं तर कारण सांगा. व्हायवात हे उत्तर मी दिलं होतं आणि मला त्याचे गुणही मिळाले होते.

५. वॉर्डात एकट्यानं पेशंट उचलू नका

सुरुवातीला सांगितलेल्या त्या काकांच्या वेळी मी काय काय चुकले ते एक-एक सांगते. व्हीलचेअरचा एक ब्रेक ढिला होता, तपासला नव्हता. पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला केल्या नव्हत्या. चेअर त्यांच्या लुळ्या बाजूला लावली होती. सहसा ती चांगल्या बाजूला लावायची, म्हणजे पेशंट स्वतः मदत करू शकतो. काय करणार आहोत हे त्यांना नीट सांगितलं नव्हतं. त्यांना माझी मान धरू दिली. आणि पाय न हलवता कंबरेतून वळले. सहा चुका, आणि या सगळ्या मला लेखी परीक्षेत पाठ होत्या.

का चुकले? वॉर्डात सोळा पेशंट होते, आम्ही दोघी इंटर्न, दुसरी जेवायला गेलेली, आणि सीनियर म्हणाले होते, "एवढं जमत नसेल तर कशाला आलात?" असं बोलणारं कुणी ना कुणी प्रत्येक ठिकाणी भेटतं. तेव्हा काय म्हणायचं ते आधीच पाठ करून ठेवा. मी आता ज्युनियरना हे वाक्य देते: "सर, पेशंट पडेल, मला दुसरा माणूस लागेल." माझी कंबर दुखेल म्हटलं तर कुणी हलत नाही, पेशंट पडेल म्हटलं की सगळे हलतात.

अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशोबानं, सगळं अनुकूल असलं तरी एका माणसानं पेशंटचा फार तर १६ किलोच्या आसपास भार हातांवर घ्यावा. तेवढा भार अर्धवट मदत करणारा पेशंटही सहज टाकतो. म्हणून क्रम असा:

आधी पेशंटला सांगा, कुठून कुठं आणि कशावर. मग ब्रेक, पायपट्ट्या, ओली फरशी, कॅथेटरची पिशवी आणि सलाइनची नळी पाहा. वॉर्डातल्या मामांना किंवा मावशींना बोलवा. त्यांची नावं पहिल्याच दिवशी विचारून घ्या. "ओ मामा" आणि "बालाजी मामा" यात मदत येण्याच्या वेगाचा फरक पडतो. पेशंटच्या कंबरेला पट्टा बांधा, नसेल तर चादर घडी घालून गुंडाळा आणि तिला धरा. लुळा हात ओढायचा नाही, खांदा निखळतो. पेशंटचे हात तुमच्या खांद्यांच्या मागं किंवा कोपरावर, मानेभोवती कधीच नाही. त्याचे गुडघे तुमच्या गुडघ्यांनी रोखा, "एक, दोन, तीन" म्हणा आणि पावलं टाकत वळा. खाटेवर वर सरकवायचं असेल तर खालची चादर दोघांनी दोन्हीकडून गुंडाळून धरा, पेशंटच्या काखेत हात घालून ओढू नका.

नातेवाइकांना बाजूला उभं करू नका. आपल्याकडं एका पेशंटमागं चार माणसं असतात. शेतात पोती उचलणारा पुतण्या तुमच्यापेक्षा दणकट असतो, फक्त त्याला कुठं धरायचं ते दाखवा. घरी गेल्यावर हे त्यालाच करायचं आहे.

कम्युनिटी पोस्टिंगला खाटा-प्लिंथ काहीच नसतं. ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर मी सलग चाळीस जणांचे गुडघे-कंबर जमिनीवर वाकून तपासले होते आणि पुढचे दोन दिवस स्वतः वाकडी चालत होते. उकिडवं किंवा एका गुडघ्यावर बसा, पेशंटला बाजेवर बसवा, दर सहा-सात जणांनंतर उठून पाणी प्या. मे महिन्यात तर पाण्याची बाटली लहान ठेवायचा माझा वरचा सल्ला विसरा.

६. अंगाला कामाची सवय लावा

ताणाचे व्यायाम सगळे करतात कारण ते झोपून होतात. खरी गरज ताकदीची आहे. आठवड्यातून दोन दिवस, वीस मिनिटं पुरतात: उठाबशा, पाठीवर झोपून कंबर उचलणं, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून तो छातीकडं ओढणं, भिंतीवर किंवा जमिनीवर दंड, आणि दोन्ही हातांत सारख्या भरलेल्या बादल्या घेऊन व्हरांड्यात चालणं. तीन फेऱ्या, प्रत्येकी आठ-दहा वेळा, शेवटचे दोन जड जायला हवेत. सोपं झालं की वाढवा. बाकीचे दिवस चाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमवणारी हालचाल सांगते, ती कॉलेज ते मेस जोरात चाललात तरी बरीचशी भरते. मुलींच्या होस्टेलचं गेट लवकर बंद होतं, मग गच्ची आहे. झोप मात्र कशानं भरून निघत नाही. परीक्षेच्या काळात अंग जास्त दुखतं त्यात खुर्चीचा दोष कमी आणि जागरणाचा जास्त.

७. दुखलंच तर

पहिल्या दिवशी सांगा. तीन आठवड्यांनी नको. विभागातल्या ज्या मॅडम किंवा सर ऐकून घेतात त्यांना सांगा, आणि कधी, काय करताना, कुठं दुखलं ते वहीत लिहा. कामावर असताना झालं असेल तर केस पेपर काढून घ्या. पोस्टिंगची हजेरी, रजा, पाळी बदलणं, सगळ्याला तो कागद लागतो.

आठवडाभर खाटेला खिळून राहू नका. एक-दोन दिवस वाकणं-उचलणं कमी करा, पण चालत-फिरत राहा. साधी कंबर बहुधा काही आठवड्यांत निवळते. कंबरेचा पट्टा लावून बरं वाटत असेल तर प्रवासापुरता लावा, दिवसरात्र नाही. मेडिकलमधून रंगीत गोळ्यांच्या पुड्या बांधून घेऊ नका. घरी आजी बिब्बा लावायला निघाली तर हात जोडून नाही म्हणा. त्यानं कातडी भाजते आणि त्या भाजलेल्या जागेवर नंतर शेकही देता येत नाही. ओपीडीत शेक देण्याआधी पेशंटच्या पाठीवर बिब्ब्याचे डाग आहेत का, हे पाहायला इथं लवकर शिकाल.

एमआरआयची घाई नको. वर्गातला कुणीतरी "गादी सरकली" म्हणून घाबरवेल. काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या माणसांचे एमआरआय पाहिले तर साधारण ३० टक्क्यांत चकती फुगलेली दिसते. ते वयाबरोबर येणारं आहे, तुमच्या दुखण्याचं कारण असेलच असं नाही.

पण खालीलपैकी काही असेल तर स्वतःवर प्रयोग बंद, त्याच दिवशी डॉक्टर: लघवी अडणं किंवा नकळत होणं, बसायच्या जागेला बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं. आणि पडल्यानंतर किंवा अपघातानंतर दुखत असेल, दुखण्यासोबत ताप असेल, वजन घटत असेल, रात्री कोणत्याही कुशीवर थांबत नसेल तर दोन-चार दिवसांत दाखवाच. मणक्याचा टीबी आपल्याकडं आजही तरुण पोरांमध्ये सापडतो. आणखी एक खूण लक्षात ठेवा: सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर ताठर राहते, हालचाल केली की बरं वाटतं, विश्रांतीनं वाढतं, आणि असं तीन महिने चाललंय. ही साधी कंबर नाही, संधिवाताची तपासणी हवी. आमच्या एका ज्युनियरला वर्षभर सगळे "तुझं पोश्चर वाईट" म्हणत राहिले आणि निघालं हेच.

८. दर सहा महिन्यांनी वही उघडा

त्याच नऊ जागा, तेच तीन प्रश्न, तसाच फोटो. पोस्टिंग बदलली की एक ओळ जास्त लिहा: न्यूरोला कंबर, ऑर्थोला अंगठा, असं काहीतरी दिसायला लागेल. मग पुढच्या पोस्टिंगला कुठं जपायचं ते कळतं. इंटर्नशिपनंतर कामाच्या मुलाखतीला जाल तेव्हा पगारासोबत हेही विचारा: दिवसाला किती पेशंट, प्लिंथ वर-खाली होतो का, मदतनीस आहे का.

आणि तो चौरंग. सुताराला माप असं सांगा: लांबी दोन फूट, रुंदी सव्वा फूट, उंची सहा इंच, वरून चकचकीत पॉलिश नको, खाली चारही पायांना जुन्या टायरचं रबर ठोकलेलं. वर दोन्ही पाय पुढं-मागं ठेवून उभं राहता आलं पाहिजे, म्हणून लांबी कमी करू देऊ नका. सुतार लाकूड वाचवायला करतातच. माझा मी हॉलमधल्या कोपऱ्यातल्या शेवटच्या प्लिंथखाली ठेवून आले होते. परवा तिथल्या एका दुसऱ्या वर्षाच्या पोरीनं फोटो पाठवला, एक पाय हलतोय म्हणाली. खिळा नको, स्क्रू मार, एवढंच सांगितलं.